धर्मराज फासे शिकतो तेव्हा



आजचं वाचन : वनपर्व, नलोपाख्यानाचा शेवट.

वनवासातला युधिष्ठिर बृहदश्व ऋषींना विचारतो, माझ्यापेक्षा दुर्दैवी राजा तुम्ही कधी पाहिलाय का? त्यावर बृहदश्व त्याला नळाची गोष्ट सांगतात. हंस, दमयंती, स्वयंवर, हे सगळं आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. आपण सहसा वाचत नाही तो भाग गोष्ट संपल्यानंतरचा आहे. ऋषी युधिष्ठिराला "आता फाशांना हात लावू नकोस" असं म्हणतच नाहीत. त्याच्या मनात भीती आहे की पुन्हा कोणीतरी खेळायला बोलावेल. ती भीती मी घालवतो, असं म्हणून ते त्याला अक्षहृदय देतात. अक्षहृदय म्हणजे फाशांचं मर्म, त्या खेळाची विद्या. राज्य, भाऊ, बायको, सगळं फाशांवर घालवून बसलेल्या माणसाला एक ऋषी जवळ बसवून फासे शिकवतो!

हे वाचताना मला परवा आलेला एक मेसेज आठवला. "ताई, ऑफिसमधले सगळे शनिवारी पोकर खेळतात. मी माळ घातली आहे. पैसे लावणार नाही, पण नुसते नियम शिकले तर चालेल का?" प्रश्न साधा वाटतो, पण तो दोन ओळींत उडवून लावण्यासारखा नाही. शिवाय हा खेळ मला येतो. गेल्या वर्षी आतेभावाने शिकवला, तीन संध्याकाळी, आत्याच्या डब्यातले चिंचोके चिप्स म्हणून वापरून. त्यामुळे आधी खेळच सांगते. न कळणाऱ्या गोष्टीला पाप म्हणणं सोपं असतं, आणि पुण्य म्हणणं तर त्याहून सोपं.

पोकरचे प्रकार पुष्कळ आहेत. हल्ली सगळीकडे खेळतात तो टेक्सास होल्डेम. 52 पानं, जोकर नाही. प्रत्येकाला दोन पानं पालथी मिळतात, ती फक्त त्यानेच बघायची. मग टेबलावर सगळ्यांची मिळून पाच पानं उघडी पडतात : आधी तीन एकदम, त्याला फ्लॉप म्हणतात, मग एक, तो टर्न, मग शेवटचं एक, ती रिव्हर. आपली दोन आणि टेबलावरची पाच अशा सात पानांतून ज्याची पाच पानं सगळ्यांत भारी, तो जिंकला.

भारी कशावरून ठरतं? ते किती दुर्मीळ आहे त्यावरून. जोडी, दोन जोड्या, तिन्ही सारखी, सलग पाच (स्ट्रेट), एका रंगाची पाच (फ्लश), तीन आणि दोन (फुल हाउस), चारी सारखी, आणि एकाच रंगाची सलग पाच. त्यातही दश्शीपासून एक्क्यापर्यंत असली तर रॉयल फ्लश. 52 पानांतून पाच पानांचे 25,98,960 संच होतात, त्यातले रॉयल फ्लश फक्त 4. गणपतीच्या जागरणात तीन पत्ती खेळत वाढलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो आणि पोकरमध्ये उलटं आहे. याचं कारण मोजलं की कळतं. तीन पानांत नुसते सिक्वेन्स 720 आणि कलर 1,096, म्हणजे सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पानांत स्ट्रेट 10,200 आणि फ्लश 5,108. नियम कोणाच्या लहरीवर नाही, गणितावर बसलाय. (तीन पत्तीतला ट्रेल मात्र या हिशेबात बसत नाही. ट्रेल 52 आहेत, प्युअर सिक्वेन्स 48, तरी ट्रेलच मोठा. आमच्या वाड्यात हे कोणी ऐकून घेणार नाही.)

आता पैसे, म्हणजे माझ्या बाबतीत चिंचोके. पानं वाटण्याआधीच दोघांना सक्तीने काही टाकावं लागतं : डीलरच्या डावीकडचा स्मॉल ब्लाइंड, त्याच्या पुढचा त्याच्या दुप्पट, बिग ब्लाइंड. ही पाळी दर डावाला पुढे सरकते. मग चार वेळा बोली होते : आपली पानं बघून, फ्लॉपनंतर, टर्ननंतर, रिव्हरनंतर. आपली पाळी आली की करण्यासारखं थोडंच असतं. कोणी काही लावलेलं नसेल तर चेक, म्हणजे नुसतं पुढे जाऊ देणं, नाहीतर आपण सुरुवात करणं. कोणी लावलं असेल तर तेवढंच टाकणं म्हणजे कॉल, वाढवणं म्हणजे रेज, आणि पानं खाली ठेवून डावातून उठणं म्हणजे फोल्ड. बाकी सगळे फोल्ड झाले तर उरलेल्याला पानं न दाखवताच सगळं मिळतं. ब्लफ इथून जन्माला येतो.

एक हिशेब मात्र नीट बघा, कारण मला सांगायचंय ते त्यातच आहे. समजा माझ्या हातात दोन बदाम आहेत, टेबलावर चार पानं उघडी, त्यात दोन बदाम. आणखी एक बदाम आला की माझा फ्लश. मला सहा पानं दिसतायत, न दिसणारी 46. त्यात बदाम 9. म्हणजे शेवटचं पान बदाम असण्याची शक्यता 46 मध्ये 9, साधारण 19.6 टक्के. मध्ये 20 चिंचोके आहेत, समोरच्याने आणखी 10 टाकले, झाले 30. मला राहायचं तर 10 टाकावे लागतील. माझे धरून 40 चा ढीग, त्यात माझे 10, म्हणजे हा कॉल परवडायला निदान 25 टक्के शक्यता हवी. आहे 19.6. तेव्हा, पुढे आणखी काही मिळण्याची आशा नसेल तर, पानं खाली ठेवायची. मन म्हणतं, येईल बदाम, येणारच! हिशेब म्हणतो, महाग आहे.

पहिल्यांदा हे कागदावर मांडलं तेव्हा मला ऋतुपर्ण राजाचं झाड आठवलं होतं. नळ बाहुक नावाने त्याचा सारथी झालाय, रथ विदर्भाकडे धावतोय. वाटेत बेहड्याचं झाड दिसतं आणि ऋतुपर्ण सांगतो, या दोन फांद्यांवर 5 कोटी पानं आणि 2,095 फळं आहेत. नळाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवतो, झाड तोडतो आणि फळं मोजतो. आकडा बरोबर निघतो. ऋतुपर्ण म्हणतो, मला फाशांचं मर्म कळतं म्हणून मोजणंही येतं. नळ त्याला अश्वविद्या देतो आणि बदल्यात ती विद्या घेतो. घेताक्षणी काय होतं? त्याच्या अंगात शिरलेला कली विष ओकत बाहेर पडतो आणि त्या बेहड्याच्या झाडात जाऊन लपतो. वैदिक काळी जुगाराचे फासे याच बेहड्याच्या फळांचे असत. म्हणजे व्यास सांगतात की माणसाच्या अंगात शिरलेला कली जुगाराचं गणित कळल्यावर निघून गेला. उपवासाने नाही, शपथेनेही नाही.

शपथेचं काय होतं ते ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तात आहे. तो जुगारी ठरवतो की आता मित्रांबरोबर जायचं नाही. मग फाशांचा आवाज कानावर पडतो आणि पाय आपोआप तिकडे वळतात. सासू राग राग करते, बायको जवळ येऊ देत नाही, आणि हा रात्री दुसऱ्यांची सुखी घरं बघत फिरतो. शेवटी सविता देव त्याला फासे सोड, शेत कसायला घे, असं सांगतो. हजारो वर्षांपूर्वीचं सूक्त आहे, पण वाचताना वाटतं शेजारच्या सोसायटीतली गोष्ट आहे.

तर नियम शिकावेत का? माझं स्पष्ट मत, शिकावेत. न शिकता टेबलाशी बसणारा युधिष्ठिर असतो. सभापर्वात शकुनी स्वतःच म्हणतो की याला खेळायची आवड आहे पण खेळता येत नाही. शकुनीकडे हाडांचे फासे होते ही लोककथेतली भर, मूळ सभापर्वात ती नाही. त्याचं कपट व्यासांनी वारंवार सांगितलंय, पण युधिष्ठिराचं अज्ञानही लपवलेलं नाही.

पण प्रश्न इथे संपत नाही, खरा तर इथे सुरू होतो. आतेभावाशी माझं जे भांडण झालं ते याच्या पुढच्या गोष्टीवर.

त्याचं म्हणणं, पोकर हा जुगारच नाही, हे कौशल्य आहे. बघ, तूच आत्ता गणित केलंस! या युक्तिवादाला कायद्यातही जागा आहे. आपल्याकडच्या 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे, आणि 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ म्हटलं होतं. पुढे ऑनलाइन अ‍ॅपवाल्यांनी हाच धागा ताणत ताणत कुठवर नेला ते आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. 2025 मध्ये संसदेने जो ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला त्यात पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना कौशल्य की नशीब हा फरकच ठेवला नाही.

मला विचाराल तर धर्माच्या बाजूने हा युक्तिवाद उलटाच पडतो. समजा पोकर शंभर टक्के नशीब आहे. मग आज तू जिंकशील, उद्या मी. वर्षभरात फिटंफाट. पण ते कौशल्य असेल, तर वर्षभर पैसा एकाच दिशेने वाहणार : ज्याला येत नाही त्याच्याकडून ज्याला येतं त्याच्याकडे. टेबलावर काही पिकत नाही. शेत नाही, दुकान नाही. तुझ्या ढिगात आलेला प्रत्येक रुपया समोरच्या कोणाच्या तरी खिशातून आलाय. म्हणजे "मी जुगारी नाही, कौशल्याने जिंकतो" म्हणणारा माणूस युधिष्ठिराच्या खुर्चीतून उठतो खरा, पण बसतो कुठे, तर शकुनीच्या!

आतेभाऊ चिडला. म्हणाला, मग बुद्धिबळाच्या स्पर्धेत फी भरून हरतात त्यांचं काय? क्लास लावून, स्कॉलरशिप मिळवून पुढे जाणारा कोणाची तरी सीट घेतच असतो ना? हा मुद्दा बिनतोड नाही, पण फालतूही नाही. मी दोन दिवस त्यावर विचार केला. मला सापडलेला फरक असा. बुद्धिबळात हरणाऱ्याला आपण हरतोय हे कळतं, आणि का हरतोय हेही. पोकरमध्ये कळत नाही. आज वाईट खेळलेला जिंकू शकतो, म्हणून तर न येणारा परत येतो. नशिबाचा तो भाग म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ. कौशल्य दोरीच्या दुसऱ्या टोकाला असतं.

आणि आमच्या भांडणात एक खरा माणूस होता. आतेभावाच्या शनिवारच्या टेबलावर त्याच्या ऑफिसातला एक नवा मुलगा येतो. गावाहून पुण्यात आलेला, पहिली नोकरी, इथे कोणी मित्र नाहीत. तो दर शनिवारी हरायचा. फार नाही, पण दर शनिवारी. त्याला पत्त्यांपेक्षा सोबत हवी होती, हे टेबलावरच्या सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. "तो काही लहान नाही, स्वतःच्या मर्जीने येतो," हे आतेभावाचं वाक्य. मर्जीने तर युधिष्ठिरही आला होता. आव्हान आलं तर नाही म्हणायचं नाही असा त्याचा नियम होता, आणि हा नियम हस्तिनापुरात सगळ्यांना ठाऊक होता.

या जागी पोकरच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. या खेळाच्या नियमांत अशी दोन दारं आहेत जी त्या द्यूतसभेत असती तर महाभारत वेगळं झालं असतं. एक, फोल्ड. प्रत्येक डावात, प्रत्येक पाळीला, पानं खाली ठेवून बाहेर पडता येतं आणि त्यात कसलीही नामुष्की नाही. उलट चांगला खेळाडू बहुतेक डाव सोडूनच देतो. दुसरं, टेबल स्टेक्स. डाव सुरू होताना तुमच्यासमोर जेवढे चिप्स आहेत तेवढेच त्या डावात लावता येतात. मध्येच खिशात हात घालायचा नाही, घड्याळ काढून ठेवायचं नाही, घराची कागदपत्रं तर नाहीच. संपले तर ऑल-इन, बाकीचे वरच्या रकमेसाठी आपापसात लढतील. हा नियम असता तर रत्नं गेल्यावर, रथ-हत्ती गेल्यावर, नकुलाचं नाव उच्चारताच येत नव्हतं. सहदेव नाही, अर्जुन नाही, भीम नाही. द्रौपदी तर नाहीच नाही.

पण हे दार एका डावापुरतंच बंद असतं. डाव संपला की पुन्हा चिप्स विकत घेता येतात, आणि खिशातल्या फोनवर यूपीआय आहे. धृतराष्ट्राने सगळं परत दिल्यावर, वाटेला लागलेला युधिष्ठिर दुसऱ्यांदा बोलावल्यावर पुन्हा येऊन बसला, तो हाच री-बाय. बारा वर्षं वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास त्या दुसऱ्या बसण्यातून आला, पहिल्या नाही.

पोकरवाले गीता फार सांगतात, हेही बोलायला हवं. निर्णय बरोबर घ्या, निकाल तुमच्या हातात नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि लगेच दुसऱ्या अध्यायातला कर्मयोग. दोन एक्के हातात असताना समोरच्या दोन राजांकडून हरणं साधारण पाचात एकदा होतंच, तेव्हा रडायचं नाही. सराव म्हणून हे उत्तम आहे, मी नाकारत नाही. डोकं फिरलं की खेळाडू जे करतो त्याला ते टिल्ट म्हणतात, आणि द्रौपदीने भर सभेत विचारलेला प्रश्न मला नेहमी टिल्टबद्दलचाच वाटतो : आधी स्वतःला हरला होता की मला? पण पोकरचा खेळाडू या डावाच्या फळाची आशा सोडतो ती हजार डावांच्या फळासाठी. फळाशा गेलेली नसते, तिला मुदत ठेवीत टाकलेलं असतं. श्रीकृष्ण अर्जुनाला हे सांगत नव्हता. दहाव्या अध्यायात भगवंताने छळणाऱ्यांमधलं द्यूत आपली विभूती म्हटलीय, तो आधारही काही जण घेतात. ती यादी सिंहाची आणि मगरीचीही आहे. मगर भगवंताची विभूती आहे म्हणून कोणी तिच्या तोंडात हात देत नाही.

नळाकडे परत येते, कारण तिथेही मला सगळं गोड दिसत नाही. पहिल्या वेळी पुष्कर म्हणतो, आता दमयंतीच उरलीय, लाव तिला. नळ संतापतो, अंगावरच्या एका वस्त्रानिशी निघून जातो, पण तिला लावत नाही. इथे तो युधिष्ठिरापेक्षा कितीतरी मोठा वाटतो. पण विद्या शिकून परत आल्यावर तोच नळ पुष्कराला आव्हान देतो, आणि या वेळी मिळवलेल्या धनाबरोबर दमयंतीलाही पणाला लावतो. जिंकणार याची खात्री होती म्हणून? मला ही जागा पचत नाही, आणि आज कोणी ती पचवून दाखवली तर त्याच्याबद्दल मला शंकाच वाटेल. अक्षहृदयाने कली गेला, पण माणूस मोजमापाच्या पलीकडचं मोजायला लागला का? त्यानंतर मात्र नळ जे करतो ते शकुनीने कधीच केलं नसतं. हरलेल्या पुष्कराला तो जीवदान देतो, त्याचा वाटा त्याला परत देतो, आणि दोष कलीचा होता, तुझा नाही, असं म्हणून घरी पाठवतो.

ज्याने मेसेज केला होता त्याला माझं उत्तर असं. नियम शीक, चिंचोक्यांवर खेळ, गणित पाठ कर. पैशांच्या टेबलावर बसू नकोस. हरशील म्हणून नाही. तू हुशार आहेस, जिंकायला लागशील म्हणून. आणि माळेचं म्हणशील तर माळेला पत्त्यांचा विटाळ नाही. सावंतवाडीच्या गंजिफ्यांत 120 गोल पानांवर दशावतार रंगवलेत, दहा अवतारांचे दहा रंग, खेळताना रामाचं आणि नरसिंहाचं नाव घ्यावंच लागतं.

तो नवा मुलगा? आतेभावाने माझ्याशी भांडल्यानंतर दोन रविवार त्याला घरी बोलावलं आणि ते 46 मधल्या 9 बदामांचं गणित शिकवलं. आत्याने पोहे केले होते. मुलगा वही घेऊन आला होता. पुढच्या शनिवारी तो जवळजवळ प्रत्येक डाव सोडत बसला, त्याच्या पुढच्या शनिवारीही. आता तो येतो, पण खेळत नाही, पत्ते वाटतो. "आमचं टेबल कोरडं केलंस," असं आतेभाऊ मला म्हणतो. खेळ त्याने सोडलेला नाही, माझं-त्याचं अजून पटलेलं नाही.

विराटपर्व यायला अजून बरेच दिवस आहेत, पण तिथवर पोचाल तेव्हा एक लक्षात ठेवून वाचा. अज्ञातवासात युधिष्ठिर कंक नावाने राजाबरोबर फासे खेळणारा म्हणून नोकरी धरतो. आता त्याला खेळ येतो. आणि एके दिवशी भर खेळात खरं बोलला म्हणून विराट हातातला फासा त्याच्या तोंडावर फेकून मारतो. नाकातून रक्त येतं. ते जमिनीवर पडू नये म्हणून पुढे धावते, आणि सोन्याच्या पात्रात धरते, ती द्रौपदी.

उद्या भेटू. जय हरी.